नागपुरात गल्लीबोळातलं चांगलं आणि परवडणारं खाणं कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की बाहेरगावची मुलं येतात, बदलीवर माणसं येतात, डिसेंबरात अधिवेशनासाठी निम्मी मुंबई इथे उतरते, आणि तेच प्रश्न पुन्हा कानावर पडतात. मी महालात वाढले, लग्नानंतर प्रतापनगरला आले आणि नोकरीच्या निमित्ताने वीसेक वर्षं या शहरातल्या बहुतेक वस्त्यांत दुपारची भूक घेऊन फिरले. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे. हॉटेलांची नावं मुद्दामच फार दिलेली नाहीत. आचारी बदलतो, मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसतो आणि चव पालटते. शोधायची रीत मात्र सहसा बदलत नाही.

सुरुवात कुठून करायची?

घड्याळापासून. नागपुरात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. ती चुकली की चांगल्यात चांगल्या ठिकाणीही उरलंसुरलं पदरात पडतं. पोहे सकाळी सात ते दहा. त्यानंतर पोहे कोरडे पडतात आणि तर्री आटून खारट लागते. आलूबोंड्याचा एक घाणा सकाळी निघतो, दुसरा दुपारी चार-साडेचारला. मधल्या वेळात काचेच्या कपाटात जो दिसतो तो सकाळचाच. सावजी जेवायचं तर बारा ते अडीच, नाहीतर संध्याकाळी सातनंतर. मोमिनपुऱ्याला रंग चढतो तो रात्री.

म्हणून पहिल्या आठवड्यात एक काम करा. घरापासून किंवा ऑफिसपासून पायी दहा मिनिटांत जेवढा भाग येतो, तेवढाच भाग तीनदा फिरा: सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री आठला. तीच गल्ली तीन वेळा वेगळी दिसेल. सकाळी जिथे पोह्यांचा ठेला असतो तिथेच रात्री आमलेटची गाडी लागते, आणि दुपारी बंद दिसलेलं शटर संध्याकाळी उघडून आतून भाकरीचा थपथप आवाज येतो. कोणत्या दाराशी कोणत्या वेळी चपला आणि सायकली जास्त आहेत, एवढं बघा. त्यात दोन-तीन ठिकाणं तरी सापडतातच.

विचारायचं कुणाला?

ज्याला रोज बाहेर जेवावं लागतं त्याला. ऑटोवाले, कुरिअरची मुलं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, गांधीबागेतल्या कापड दुकानांत काम करणारे, आणि सगळ्यात आधी जवळचा पानठेलेवाला. दिवसभर एका जागी बसून कोण कुठे जेवून येतो हे तो बघत असतो.

प्रश्न कसा विचारता यावर उत्तर ठरतं. "इथे चांगलं हॉटेल कोणतं?" असं विचारलं की समोरचा तुमच्या कपड्यांकडे बघून एखादं एसीवालं नाव सांगतो. "भाऊ, तुम्ही दुपारी कुठी जेवता?" असं विचारा. मग तो थांबतो, विचार करतो आणि हात करून एखादी गल्ली दाखवतो.

मोबाइलच्या नकाशावरच्या ताऱ्यांवर भरवसा ठेवावा का?

थोडाच. जुन्या भोजनालयांची नोंद बऱ्याचदा दुसऱ्याच कुणीतरी केलेली असते, वेळा चुकीच्या असतात आणि फोन लागत नाही. तारे सोडून द्या, लोकांनी टाकलेले फोटो बघा. ताटाचा फोटो गेल्या दोन-तीन महिन्यांतला आहे का, वेगवेगळ्या लोकांच्या फोटोंत तोच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसतो का, हे तपासा. एकाच पदार्थाविषयी दहा जण लिहीत असतील तर तिथे तोच मागवायचा.

तर्री पोहे नक्की काय असतात आणि चांगले कसे ओळखायचे?

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना पोह्यांवर रस्सा ओतलेला बघून नवल वाटतं. इथे कांदेपोहे मऊ पण मोकळे ठेवतात आणि त्यावर काळ्या चण्यांचा झणझणीत रस्सा घालतात. रश्श्यावर तरंगणारा तिखट तेलाचा थर म्हणजे तर्री, आणि त्यावरून सगळ्या रश्श्यालाच तर्री म्हणतात. वरून कच्चा कांदा, सांबार (कोथिंबीर) आणि लिंबाची फोड, कुठे कुठे शेव किंवा चिवडाही. प्लेट साधारण 20 ते 40 रुपयांत मिळते. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर बहुतेक ठेल्यांवर वेगळे पैसे घेत नाहीत.

पारख तीन गोष्टींवर करते. पोह्यांचा ढीग वाफेवर ठेवलेला हवा, नुसत्या परातीत उघडा नको. तर्रीचं पातेलं मंद आचेवर सतत हलकं उकळत असलं पाहिजे. थंड पडलेली तर्री पुन्हा तापवली की मसाला जळकट लागतो. आणि चणा चमच्याने दाबल्यावर सहज फुटला पाहिजे. कडक चणा म्हणजे भिजवण्यात कसूर, आणि एकदा चणा कच्चा खाल्ला की दिवसभर पोट त्याची आठवण करून देतं. तर्रीचा रंग लाल हवा. काळपट दिसली तर पुढच्या ठेल्यावर जावं.

कस्तुरचंद पार्कचा परिसर पोह्यांसाठी शहरभर नावाजलेला आहे आणि तिथे मेट्रोचं स्टेशनही आहे. पण खरं सांगायचं तर पोह्यांसाठी शहर ओलांडायची गरज नाही. जवळपास प्रत्येक वस्तीत एक तरी असा ठेला असतो जिथे सकाळी आठला मॉर्निंग वॉकवाले, शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर आणि ड्यूटीवरून सुटलेले पोलीस एकत्र उभे दिसतात. तो तुमचा ठेला. पहिल्या दिवशी "तर्री कमी" सांगा आणि मग चढवत जा.

"सांबार टाकू का?" असं विचारतात. पोह्यांवर सांबार?

विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं सांबार वेगळं. बाजारात भाजीवालीकडे "दहाचा सांबार द्या" म्हटलं की जुडी मिळते. तसंच आलू म्हणजे बटाटा आणि फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. एवढे शब्द आले की निम्मी मेनूपाटी वाचता येते.

सावजी जेवण म्हणजे काय? ते फार तिखट असतं का?

सावजी ही हलबा कोष्टी समाजाची, म्हणजे विणकरांची पाककला. जुन्या नागपुरात, गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ, इतवारी या भागांत हातमागावर काम करणारी ही घरं होती. मागाचा धंदा उतरला तसं अनेक कुटुंबांनी घरचं जेवण विकायला सुरुवात केली. म्हणूनच जुनी सावजी भोजनालयं आजही घरासारखी दिसतात: पुढे ओसरीएवढी खोली, चार-सहा बाकडी, मागे चूल आणि चुलीपाशी घरातल्याच बाया.

मसाला खडा भाजून, वाटून करतात. त्यात दगडफूल असतं, खसखस असते, मिरे, लवंग, शहाजिरे असतात. पूर्वी हे जेवण जवसाच्या तेलात शिजायचं. काही जुन्या घरांत अजूनही तसं करतात आणि त्याचा वास वेगळा ओळखू येतो. तिखट असतं, हो. पण नुसत्या मिरचीचं नसतं, त्यात गरम मसाल्याची धग जास्त असते, म्हणून ते जिभेपेक्षा कपाळावर आणि कानामागे जाणवतं. (आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिखटाशी आपलं नातं जुनंच.)

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. रस्सा वेगळ्या वाटीत मागा. पोळी किंवा भाकर आधी कोरड्या तुकड्यांबरोबर खा, मग रश्श्यात बुडवा. सोबत कांदा-लिंबू असतंच. तिखट लागलं की घटाघटा पाणी पिण्यापेक्षा भाताचा घास घ्या. मटण आणि कोंबडीखेरीज खूर, कलेजी, सुंदरी, खिम्याचे गोळे हेही असतं. सुंदरी म्हणजे बकऱ्याचं आतडं. आवडेल की नाही कळत नसेल तर शेजारच्याच्या ताटात बघून विचारा. इथे लोक आनंदाने सांगतात, वर एखादा घास चाखायलाही देतात.

पाटी सगळीकडे सावजीचीच असते, अगदी महामार्गावरच्या ढाब्यांवरसुद्धा. अस्सल सावजी ओळखायची सोपी खूण म्हणजे मेनू. तो आठ-दहा पदार्थांत संपला पाहिजे. पनीर बटर मसाला आणि चायनीज असलेल्या ठिकाणी सावजी मागवू नये. दुसरी खूण: अडीच-तीननंतर गेलं की "खूर संपलं" असं ऐकायला मिळतं. हे ऐकून परत फिरावं लागलं तरी मला बरंच वाटतं. दिवसाचं दिवसाला शिजवणाऱ्याकडेच पदार्थ संपतो.

मी शाकाहारी आहे. सावजीत माझ्यासाठी काही आहे का?

आहे, आणि ते दुय्यम नाही. पाटोडी रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या त्याच काळ्या मसाल्याच्या रश्श्यात. डाळकांदा, म्हणजे चण्याची डाळ भरपूर कांद्यात शिजवलेली. वांग्याची भाजी. मात्र बहुतेक ठिकाणी सामिष आणि शाकाहारी स्वयंपाक एकाच चुलीवर होतो. तुम्हाला ते चालत नसेल तर आधीच विचारा: "पाटोडीचा रस्सा वेगळा करता का?" खरं उत्तर मिळतं. फक्त शाकाहारी सावजी देणारी भोजनालयंही शहरात आहेत.

गोळाभात, वडाभात, सांबारवडी हॉटेलात का दिसत नाही?

कारण हे घरातले पदार्थ आहेत आणि ते ठेवून चालत नाहीत. गोळाभातात भरड वाटलेल्या चणाडाळीचे गोळे भातातच वाफवतात आणि पानात त्यावर मोहरी-हिंग-लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओततात. वडाभातात मिश्र डाळींचा कुरकुरीत वडा भातावर चुरून वर फोडणीचं तेल, बाजूला कढी. दोन्हीला फोडणी पानात पडताना चर्र आवाज यायला हवा. हॉटेलात सकाळी करून ठेवलेला गोळाभात दुपारी ढेकळासारखा होतो. म्हणून बरीच मराठी भोजनालयं तो ठरावीक वारी करतात. धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, महाल या भागांत दाराशी फळा लावलेली छोटी भोजनालयं आणि पोळीभाजी केंद्रं आहेत. फळ्यावर आठवड्याचे वार वाचा आणि फोन नंबर टिपून घ्या.

सांबारवडी, कुणी तिला पुडाची वडी म्हणतात, हिवाळ्यात खावी. तेव्हा कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असते, म्हणून वडीत सारण भरून असतं. पावसाळ्यात तीच वडी निम्मी पोकळ लागते. थंडीतच तुरीचे ओले दाणे, म्हणजे सोले येतात. सोल्यांची आमटी फळ्यावर दिसली तर दुसरं काही मागवू नका. या चवीसाठी बचत गटांची प्रदर्शनं आणि हिवाळ्यातले खाद्यमेळेही बघत जा. तिथे भेटणाऱ्या अनेक बाया घरून ऑर्डर घेतात, आणि तो नंबर मिळणं हेच त्या मेळ्यातलं खरं सामान.

लांब पोळी कुठे मिळते?

संध्याकाळी, रस्त्याच्या कडेला. उलट्या मडक्याखाली जाळ आणि त्यावर रुमालासारखी पातळ पोळी. करणारी बाई सैल कणकेचा गोळा हातावर खेळवत कोपरापर्यंत लांबवते आणि एका झटक्यात मडक्यावर टाकते. कणीक मळण्यात आणि भिजवण्यातच सगळं कसब आहे, म्हणून ही पोळी घरी कुणी सहसा करत नाही. कुणी तिला मटका रोटी म्हणतात. उतरली की लगेच खायची, पाटोडी रश्श्याबरोबर किंवा झुणक्याबरोबर. घरी न्यायची असेल तर कापडात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती पाच मिनिटांत चामट होते. अशा ठेल्यापाशी उभं राहून ते हात बघणं मला अजूनही जेवणाइतकंच आवडतं.

कोणत्या भागात काय शोधावं?

महाल आणि इतवारी हे जुनं शहर. इथे धंद्यांच्या ओळी आहेत: चितार ओळीत मूर्तिकार, सराफ्यात सोनार. खाण्याच्या जागाही त्या त्या धंद्याच्या वेळेप्रमाणे चालतात. इतवारी-गांधीबागेत मारवाडी आणि गुजराती व्यापारी पिढ्यानपिढ्या आहेत, त्यामुळे सकाळची कचोरी, जिलबी आणि दुपारची साधी शाकाहारी थाळी इथे चांगली मिळते. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा खाण्याच्या जागाही थंड असतात.

बर्डी, म्हणजे सीताबर्डी, खरेदीची जागा. दाक्षिणात्य नाश्त्यासाठी बरी, पण मेन रोडवर उभं राहून निवडू नका, एक गल्ली आत जा. सदरला छावणीच्या काळापासूनची मिश्र वस्ती आहे. बेकऱ्या, बिर्याणी आणि इंडियन कॉफी हाउस, जिथे कमी पैशांत बसून बोलता येतं आणि कुणी उठवत नाही. जरीपटका आणि खामला सिंधी वस्त्या आहेत, तिथे रविवारी सकाळी दाल-पकवान खायला जावं. शंकरनगर, गोकुळपेठ आणि एलएडी चौकाच्या आसपास कॉलेजांमुळे स्वस्त आणि पटकन मिळणारं खूप आहे. चव मात्र ठेल्यागणिक वेगळी, तिथे गर्दीवर जाऊ नका, कारण गर्दी कट्ट्यासाठीही असते. फुटाळ्याला तलाव बघायला जावं, पोट भरायला दुसरीकडे.

धंतोली आणि रामदासपेठेबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. हा दवाखान्यांचा भाग आहे. विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेश-छत्तीसगडमधून आलेले रुग्णांचे नातेवाईक आठवडा-आठवडा इथे राहतात आणि त्यांच्यासाठी छोट्या खानावळी चालतात. वरण-भात, खिचडी, फुलके, कमी तिखट भाजी, रोज खाता येईल असं. मेडिकल चौकाच्या आसपासही तसंच. माझे वडील धंतोलीच्या एका दवाखान्यात अकरा दिवस होते, तेव्हा समोरच्या गल्लीतल्या बाईंनी रात्री साडेदहाला आमच्यासाठी गरम खिचडी टाकली होती. पोट नाजूक असेल, पाहुणे वयस्क असतील किंवा तिखटाचा कंटाळा आला असेल तर याच भागात या.

मोमिनपुऱ्यात बाहेरच्या माणसाने जावं का?

नक्की जावं. बिर्याणी, कबाब, निहारी यांसाठी शहरात याला जोड नाही. रमजानमध्ये इफ्तारनंतर रस्ता पहाटेपर्यंत जागा असतो. तेव्हा गाडी दूर लावून पायी जा, मेट्रोने आलात तर दोसर वैश्य चौक स्टेशन जवळ पडतं. एका दुकानात पोट भरू नका. अर्धी प्लेट इथे, दोन सीख तिथे, शेवटी फिरनी, असं खात चाला.

मेट्रोने खाबूगिरी जमते का?

चांगली जमते. मार्च 2019 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये पहिल्या टप्प्याच्या दोन्ही लाइन पूर्ण झाल्या. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही अ‍ॅक्वा, दोन्ही सीताबर्डीला मिळतात. सकाळी कस्तुरचंद पार्कला पोहे, दुपारी चितार ओळीला उतरून जुन्या शहरात जेवण, संध्याकाळी शंकरनगर. स्टेशनपासून पुढचं अंतर पायी किंवा ई-रिक्षाने. रात्री उशिरा गाडी नसते, म्हणून मोमिनपुऱ्याहून परत यायची सोय आधी बघा.

स्वच्छता कशी तपासायची?

टेबल चकाचक आहे का हे शेवटी बघा. आधी तेल बघा. कढईतलं तेल काळं, फेसाळ आणि नाकाला झोंबणारं असेल तर तळलेलं काही घेऊ नका. तेल वारंवार तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलातल्या या घटकांची, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्सची, मर्यादा 25 टक्के ठरवली आहे आणि त्यापुढचं तेल वापरायला मनाई आहे. आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं.

मग भांडी कुठे धुतात ते बघा. एकाच बादलीत बुचकळून काढत असतील तर पानाच्या द्रोणात मागा. पैसे घेणारा हात आणि वाढणारा हात वेगळा आहे का? वर्तमानपत्रात बोंडा देत असतील तर नको म्हणा. शाईत शिसं आणि इतर रसायनं असतात, गरम तेलाने ती अन्नात उतरतात, म्हणूनच खाद्यपदार्थ छापील कागदात देण्यावर बंदी आहे. मी माझा स्टीलचा डबा नेते. सुरुवातीला लोक बघायचे, आता आमच्या चौकातला बोंडेवाला स्वतःच "डबा आणला का ताई?" विचारतो.

गल्ल्याजवळ परवान्याचा 14 आकडी नंबर लावलेला असावा. छोट्या ठेल्यांनाही नोंदणी लागते आणि ज्यांनी ती केली आहे ते अभिमानाने लावतात.

आणि बर्फ. एका मे महिन्यात एका नेहमीच्या ठिकाणी मठ्ठ्यात बर्फ घालून घेतला आणि पुढचे बारा दिवस अंथरुणात काढले. जेवण तिथलं आजही उत्तम आहे, मी अजून जाते, पण बर्फ कुठेच घेत नाही. मठ्ठा माठात थंड केलेला असेल तरच.

उन्हाळ्यात काय करायचं?

पारा 45 च्या वर जातो तेव्हा शहर दुपारी बारा ते पाच आत असतं. तुम्हीही असा. नाश्ता साडेसात-आठपर्यंत उरका आणि रात्रीचं जेवण नऊनंतर. भर दुपारी सावजी नको. कैरीचं पन्हं, उसाचा रस बिनबर्फाचा, आमरसाच्या सीझनमध्ये सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेली, शिजवून रसाबरोबर खायची गव्हाची शेवई) कुठे मिळाले तर सोडू नका. रात्री जेवण झाल्यावर आइस्क्रीम खायचं तर दिनशॉ आपल्याच गावचं, 1932 पासूनचं.

एकट्या बाईने ठेल्यावर किंवा सावजीत जाऊन खाणं कसं वाटतं?

पोह्यांच्या आणि बोंड्यांच्या ठेल्यावर काही अडचण नाही, निम्म्या बायाच असतात. सावजीचं दुपारी ठीक असतं. रात्री काही ठिकाणी दारू पिऊन येणाऱ्यांची गर्दी होते, आणि ते बाहेरून कळत नाही. मी दुपारी एकदा जाऊन बघते: आत फॅमिलीसाठी वेगळी जागा आहे का, वाढायला घरची बाई आहे का, दिवे पुरेसे आहेत का. हे असेल तर रात्रीही जाते. शंका असली तर पार्सल. सावजी पार्सल चांगलं टिकतं, किंबहुना रस्सा तासाभराने जास्त मुरतो.

महिन्याची मेस किंवा डबा लावताना काय विचारावं?

आगाऊ पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचे पैसे देऊ नका. आधी तीन-चार दिवस रोजचे पैसे देऊन जेवा, आणि त्यात एक सोमवार असू द्या. रविवारच्या पक्वान्नावरून मेस कळत नाही. पोळ्या मोजून की पोटभर, रविवारी रात्री बंद असतं का, गावी गेलात तर किती दिवसांनंतर पैसे कापतात, हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. दोन मुलांनी मिळून एक डबा घेण्याची पद्धत अनेक मेसवाल्या चालवून घेतात, पण लपवून करू नका.

बिलात काय बघावं?

साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलाला तो तुमच्याकडून वेगळा घेता येत नाही आणि छोट्या ठेल्याला तर प्रश्नच नाही. सर्व्हिस चार्ज तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसे नियम केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. आपोआप लावला असेल तर काढायला सांगा. ऐकलं नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. साधं पाणी मागा, बाटली समोर आणून ठेवली म्हणून ती फोडलीच पाहिजे असं नाही. गल्लीतल्या ठिकाणी हे वाद होत नाहीत, पण सकाळी सकाळी पोहेवाल्याला पाचशेची नोट देऊ नका.

सणावारी बाहेर जेवायचं तर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टी गावाबाहेर घालवणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा महाल-इतवारीकडे जेवायच्या बेताने जाऊ नका. काळी आणि पिवळी मारबत बघायला मात्र जा, नाश्ता करूनच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि रस्त्यांच्या कडेला जागोजागी भोजनदान चालतं. तिथे पंगतीला बसून मी जेवले आहे. ते जेवण विकत मिळत नाही. डिसेंबरात अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स, सदर आणि बर्डीला दुपारी जागा मिळत नाही, तेव्हा दक्षिण नागपूरकडे वळा.

पाहुण्यांबरोबर काय पाठवावं?

संत्रा बर्फी. हल्दीरामची सगळीकडे मिळते, टिकते. पण वस्तीतल्या जुन्या मिठाईवाल्याकडेही विचारून बघा, संत्र्याच्या बहारात काही जण ताज्या गराची करतात.

आवडीचा ठेला अचानक जागेवरून गायब झाला. आता?

हे नागपुरात फार होतं. सिमेंट रस्ते, उड्डाणपूल, मेट्रो, अतिक्रमण विभागाची कारवाई. ठेला उठतो आणि कुठे गेला कुणी पाटी लावत नाही. शेजारच्या पानठेल्यावर विचारा, त्याला माहीत असतं. नाहीतर ज्या दुकानातून तो बेसन-तेल घ्यायचा तिथे विचारा, कारण ठेला हलला तरी किराण्याची उधारी तिथेच असते. आमच्या चौकातला पोहेवाला रस्ता खोदल्यावर असाच दिसेनासा झाला. चार महिन्यांनी किराणावाल्याने सांगितलं, दोन चौक पलीकडे शाळेच्या भिंतीला लागून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला गेले. छत्री नवीन होती, पातेलं तेच. त्याने काही न विचारता तर्री कमी, कांदा जास्त अशी प्लेट भरून पुढे केली.